जीन थेरपीआधीची फाईल: तासगाव तालुक्यातल्या चार वर्षांच्या मुलीचं प्रकरण

मुलगी चार वर्षं दोन महिन्यांची. वजन 10.8 किलो, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या मुलीचं असतं तेवढं. हिमोग्लोबिन 7.1. पाठीवर खांद्यांच्या मधोमध नऊ महिने न भरलेली जखम, दोन्ही गुडघे सोलवटलेले, मानेच्या मागे एक आणि उजव्या पावलावर एक जखम. हाताची नखं गेलेली. उजवी करंगळी शेजारच्या बोटाला मुळाशी चिकटू लागलेली. जन्मली तेव्हा डाव्या नडगीवर कातडीच नव्हती, आणि प्रसूतिगृहात हाताला चिकटवलेली पट्टी काढताना पट्टीबरोबर सालपटही निघालं होतं. वडील बेदाण्याच्या शेडवर कामाला, आई घरी आणि सात आठवड्यांची गरोदर. नवरा-बायको आते-मामे भावंडं, म्हणजे वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केलेली.

वडिलांनी पहिल्याच भेटीत मोबाईल पुढे केला. परदेशातल्या एका मुलाला नवी कातडी बसवल्याचा व्हिडिओ होता. "असलं जीनचं औषध आलंय म्हणत्यात. आपल्याकडं कुठं मिळंल तेवढं सांगा. रान इकायची तयारी हाय."

हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. एपिडर्मोलिसिस बुलोसा, थोडक्यात ईबी, म्हणजे जरा ओढ बसली तरी कातडी सुटून फोड येणारा जन्मजात आजार असलेली मुलं सांगली-सातारा पट्ट्यातून तपासणीला येतात तेव्हा ज्या अडचणी एकामागून एक समोर येतात, त्या एका रुग्णाच्या रूपात मांडल्या आहेत. कुटुंब प्रातिनिधिक आहे. औषधांची माहिती, मापं आणि नियम मात्र खरे आहेत.

वडिलांचा प्रश्न रास्त आहे. अशी औषधं खरंच आली आहेत. पण मुलीच्या फाईलमध्ये तेव्हा काय होतं? "त्वचारोग, फोड येणे" असं लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या, अँटिबायोटिक मलमांची यादी आणि काहीच निष्कर्ष न देणारा एक बायोप्सी रिपोर्ट. एवढ्यावर जगातलं कुठलंही केंद्र जीन थेरपीचा विचार करू शकत नाही.

व्हिडिओतला मुलगा आणि ही मुलगी

व्हिडिओतली घटना खरी आहे. 2015 साली जर्मनीत बोखुम इथल्या रुग्णालयात सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. अंगावरची सुमारे 80 टक्के वरची कातडी गेली होती. इटलीत मोडेना इथे मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या शिल्लक कातडीचा छोटा तुकडा घेतला, पेशींमध्ये जीनची चांगली प्रत घातली, प्रयोगशाळेत त्यांची पापुद्र्यासारखी पानं वाढवली आणि ती शस्त्रक्रिया करून त्याच्या अंगावर बसवली. नोव्हेंबर 2017 मध्ये हे काम 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलं.

पण त्या मुलाचा दोष एलएएमबी3 या जीनमध्ये होता आणि आजाराचा प्रकार 'जंक्शनल' होता. ईबी हा आजारांचा एक गट आहे. मुख्य प्रकार चार: सिम्प्लेक्स, जंक्शनल, डिस्ट्रॉफिक आणि किंडलर. बाहेरून सगळ्यांत फोडच दिसतात, पण कातडीचा थर नेमका कुठे सुटतो आणि कुठलं प्रथिन कमी पडतं हे वेगवेगळं असतं. एका प्रकारचं जीनचं औषध दुसऱ्या प्रकाराला काडीचाही उपयोग करत नाही.

या मुलीची लक्षणं डिस्ट्रॉफिक प्रकाराकडे बोट दाखवत होती: फोड भरल्यावर उरणारे व्रण, व्रणांवरचे पांढरे बारीक दाणे, गेलेली नखं, चिकटणारी बोटं, गिळताना अडकणारा घास. या प्रकारात दोष सीओएल7ए1 या जीनमध्ये असतो. तो तिसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे 118 तुकडे, म्हणजे एक्झॉन, आहेत. त्यातून कॉलेजन-सात तयार होतं. तीन साखळ्यांची वेणी, अशा वेण्या एकत्र येऊन आखूड दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांनी वरची कातडी खालच्या थराशी बांधलेली. गोधडीतले टाके उसवले की वरचं कापड नुसत्या ओढीने सरकतं, तसं इथे होतं. मुलीला काखेत धरून उचललं तरी पुरे.

बायोप्सी कुठे चुकली

आधीचा बायोप्सी रिपोर्ट निरुपयोगी ठरला त्याची दोन कारणं होती आणि दोन्ही टाळता येण्यासारखी होती. तुकडा तीन दिवसांच्या जुन्या फोडातून घेतला होता. फोडाच्या तळाशी एका दिवसातच नवी कातडी सरकायला लागते, त्यामुळे थर नेमका कुठे सुटला ते सूक्ष्मदर्शकाखाली चुकीचं दिसतं. शिवाय तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला होता. फॉर्मॅलिनमधला तुकडा साध्या तपासणीला चालतो, पण प्रथिनं रंगवून पाहायची इम्युनोफ्लुरोसन्स मॅपिंग त्यावर नीट होत नाही. त्यासाठी मिशेल द्रावण लागतं. ते आधी मागवून ठेवावं लागतं, ऐनवेळी हाताशी नसतं.

दुसऱ्या वेळी रीतसर केलं. फोड नसलेल्या जागी पेन्सिलच्या मागच्या रबराने हलकेच गोल फिरवून नवा फोड उठू दिला आणि त्याच्या कडेवरून, म्हणजे थोडी चांगली कातडी आणि थोडी सुटलेली, अशी चार मिलिमीटरची पंच बायोप्सी घेतली. बधिर करताना इंजेक्शन शेजारून दिलं. थेट त्या जागी दिलं तर द्रवाच्या दाबानेच थर सुटतो. उत्तर स्पष्ट आलं: सुटलेला थर तळपडद्याच्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या कातडीमधल्या पापुद्र्याच्या, खाली आणि कॉलेजन-सातचा रंग जवळजवळ नाही.

याचवेळी, बायोप्सीच्या उत्तराची वाट न पाहता, मुलीचं आणि आई-वडिलांचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत जनुक तपासणीला गेलं. घाई का, ते आईच्या सात आठवड्यांत आहे. जनुकाचा रिपोर्ट यायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी बायोप्सी, मग तिचा रिपोर्ट, मग रक्त, असं टप्प्याटप्प्याने गेलं असतं तर गर्भाची तपासणी करायची मुदत हातची गेली असती. घरात ईबीचं मूल आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे, तर सगळे नमुने एकाच दिवशी पाठवावेत.

रिपोर्ट बाराव्या आठवड्यात आला. सीओएल7ए1 च्या दोन्ही प्रतींत एकाच जागी एकच बदल होता, प्रथिनाची साखळी अर्ध्यात थांबवणारा. आठवड्याभराने आई आणि वडील दोघांच्याही रक्तात तोच बदल एकेका प्रतीत सापडला. निदान पक्कं झालं: रिसेसिव्ह, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणारा, डिस्ट्रॉफिक ईबी. ही खात्री आई-वडिलांच्या रक्ताशिवाय होत नाही. मुलीचा एकटीचा रिपोर्ट घेऊन थांबणारी कुटुंबं बरीच असतात आणि पुढे तिथेच अडकतात.

रोजची आंघोळ, रोजची पट्टी

आता जीनच्या औषधाकडे जाण्याआधी सहा महिन्यांचं काम. हे दुय्यम काम नाही. कुजलेल्या, पू झालेल्या जखमेवर, सातच्या हिमोग्लोबिनवर आणि अर्धपोटी अंगावर कुठलंही महाग औषध वाया जातं.

घरात तोपर्यंत जे चालू होतं ते बहुतेक घरांत चालतं. आजी हळद लावायची. शेजारी सांगायचे, "वारा लागू दे, सुकंल." सुकलेल्या जखमेवर कडक खपली धरते, ती हालचालीने तडकते आणि खालची कोवळी कातडी घेऊन निघते. ईबीची जखम ओलसर, झाकलेली आणि काही न चिकटणारी राहिली पाहिजे. आजीला हे एकदा नीट समजल्यावर घरात पट्टीची सगळ्यात काटेकोर माणूस तीच झाली. तिच्यावर रागावून काही साधलं नसतं.

दिनक्रम असा बसवला. आंघोळीच्या पाऊण तास आधी पॅरासिटामॉल, किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला साधारण 160 मिलिग्रॅम. सिरप 5 मिलीत 250 मिलिग्रॅमचं असेल तर सव्वातीन मिली. दुकानात 125 चंही मिळतं, म्हणून दर वेळी बाटली वाचायची. टबात 20 लिटर कोमट पाणी, बोअरचं असेल तर उकळून निववलेलं, आणि त्यात 180 ग्रॅम मीठ. मीठ पहिल्यांदा दुकानातल्या काट्यावर मोजून एका स्टीलच्या वाटीला खूण करून घेतली, रोज तेवढंच. मिठाने झोंबेल असं घरच्यांना वाटतं. उलट आहे: लिटरला नऊ ग्रॅम हे अंगातल्या पाण्याच्या खारटपणाइतकं प्रमाण, त्यामुळे साध्या पाण्यापेक्षा कमी झोंबतं. बिनामिठाच्या पाण्याला घाबरून जी मुलगी दारातूनच रडायची, ती दुसऱ्या आठवड्यात टबात बसून प्लास्टिकचा पेला भरू-ओतू लागली.

जुनी पट्टी पाण्यातच सुटू द्यायची, ओढायची नाही. नवी पट्टी कापून, जेली लावून, क्रमाने मांडून झाल्याशिवाय जुनी उघडायची नाही. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय. सगळं अंग एकदम उघडं टाकलं की मुलीला वारा झोंबतो आणि गारठतेही.

फोड फोडायचा का? हो, आणि हे सगळ्यांना धक्कादायक वाटतं. या आजारात फोड आपोआप थांबत नाही. आतल्या पाण्याचा दाब कडेची कातडी सोडवत जातो आणि वाटाण्याएवढा फोड संध्याकाळपर्यंत लिंबाएवढा होतो. निर्जंतुक सुई कातडीला समांतर धरून फोडाच्या सगळ्यात खालच्या बाजूला दोन भोकं पाडायची, गॉजने हलकं दाबून पाणी काढायचं आणि वरचं साल तसंच ठेवायचं. ते साल काढणं ही मोठी चूक, कारण त्याहून चांगली पट्टी बाजारात नाही.

पट्टीचं साहित्य हा खर्चाचा भाग आहे. सिलिकॉनची जाळी सर्वांत चांगली, चिकटत नाही, धुऊन पुन्हा काही वेळा लावता येते, पण सगळ्या जखमांना रोज परवडत नाही. म्हणून पाठीला आणि गुडघ्यांना सिलिकॉन, बाकी ठिकाणी पॅराफिन गॉज दुहेरी. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात पॅराफिन गॉज दुपारपर्यंत कोरडं पडून चिकटतं, म्हणून त्याखाली पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा जाड थर. वरून जुन्या सुती साडीच्या धुऊन, उकळून, इस्त्री केलेल्या पट्ट्या आणि त्यावर जाळीदार नळी-बँडेज. चिकटपट्टी अंगावर कुठेच नाही. कपडे उलटे घालायचे, शिवण बाहेर. उजव्या हाताचं प्रत्येक बोट रात्री वेगळं गुंडाळायचं आणि बेचक्यात गॉजची घडी घालायची. हे एक काम कंटाळा करून सोडलं तर वर्षा-दोन वर्षांत हात मिटलेल्या मुठीसारखा होतो.

हिरवट पू आणि गोडसर घाण वास आला तर स्यूडोमोनास जंतूची शंका. तेव्हा पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर लिटरला 50 मिली घालून त्या पाण्यात भिजवलेला गॉज दहा मिनिटं ठेवायचा. दर जखमेला म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम चोपडायची सवय सोडवली. महिनोन्‌महिने लावून जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि खरंच गरज पडते तेव्हा मलम नुसतं तेल ठरतं.

रक्त वाढवायला लोहाची गोळी-सिरप दिलं की बद्धकोष्ठ होतं, शौचाला कातडी फाटते आणि मूल शौच दाबायला लागतं, मग जेवण सोडतं. म्हणून शिरेतून आयर्न सुक्रोज दिलं. सुई टोचताना स्पिरिटचा बोळा घासायचा नाही, टेकवायचा. दंडाला पट्टा आवळायचा तो कापडाच्या घडीवरून. कॅन्युला चिकटपट्टीने नाही, सिलिकॉन टेप आणि रोलर गॉजने धरायची. चुकून चिकटपट्टी लागलीच तर खोबरेल तेल मुरवून दहा मिनिटांनी सोडवायची. जेवणात नाचणीची आंबील, तूप घातलेला मऊ वरण-भात, कुस्करलेलं अंडं, दाण्याचं कूट घातलेली पातळ खीर. भाकरीची कड आणि चिवडा बंद, घशात ओरखडा उठतो. उष्मांक समवयस्क मुलांपेक्षा दीडपटीपर्यंत लागतात, कारण जखमांतून प्रथिनं सतत वाहून जात असतात.

जेलचं गणित

डिस्ट्रॉफिक ईबीवर जखमेला लावायचं पहिलं जीनचं औषध म्हणजे बेरेमाजीन जेपरपावेक, बाजारातलं नाव वायज्युवेक. अमेरिकेच्या एफडीएने 19 मे 2023 रोजी मान्यता दिली, 2025 मध्ये युरोप आणि जपानमध्येही मान्यता मिळाली. जीन पेशीत नेण्यासाठी ओठावर फोड उठवणारा हर्पिस सिम्प्लेक्स-1 विषाणू वापरला आहे. त्याचे वाढीला लागणारे जीन काढून टाकले आहेत आणि त्याजागी सीओएल7ए1 च्या दोन चांगल्या प्रती घातल्या आहेत. हाच विषाणू का, याचं कारण मापात आहे. जीन थेरपीत नेहमी वापरतात त्या एएव्ही विषाणूत सुमारे 4.7 हजार अक्षरं मावतात आणि कॉलेजन-सातचा संदेश नऊ हजारांच्या आसपास आहे. हर्पिसचा स्वतःचा जीनसंच दीड लाख अक्षरांचा, त्यात जागा भरपूर.

हा जीन पेशीच्या केंद्रकात शिरतो पण गुणसूत्रात मिसळत नाही. त्यामुळे गुणसूत्रात भलत्या जागी घुसण्याचा धोका टळतो, पण पेशी झडली की तिच्याबरोबर जीनही जातो. म्हणून हे औषध दर आठवड्याला लावावं लागतं, आणि "एकदा लावलं की बरी" अशी समजूत असेल तर ती पहिल्याच भेटीत दूर करायला हवी. 31 रुग्णांवरच्या चाचणीत प्रत्येकाच्या दोन जुळत्या जखमा निवडून एकीवर औषध आणि दुसरीवर नुसतं जेल लावलं. सहा महिन्यांनी औषधाच्या 67 टक्के जखमा पूर्ण भरल्या होत्या, नुसत्या जेलच्या 22 टक्के. फरक ठळक आहे. पण ते जखम भरण्याचं औषध आहे. अन्ननलिकेपर्यंत जेल पोचत नाही.

मुलीसाठी जखमांचा नकाशा काढला: पारदर्शक प्लास्टिक जखमेवर धरून कड गिरवायची आणि खाली आलेखाचा कागद ठेवून चौकोन मोजायचे. नुसती लांबी गुणिले रुंदी केली की वाकडीतिकडी जखम उगाच मोठी दिसते. पाठ 54 चौरस सेंटिमीटर, डावा गुडघा 22, उजवा 18, पाऊल 16, मान 12.

2023 च्या अमेरिकी लेबलप्रमाणे, म्हणजे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकाप्रमाणे, 20 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान जखमेला 0.2 मिली, 20 ते 40 ला 0.4 आणि 40 ते 60 ला 0.6 मिली. तीन वर्षांवरच्या रुग्णाला आठवड्याला जास्तीत जास्त 1.6 मिली. इथे पाठीला 0.6, डाव्या गुडघ्याला 0.4, उरलेल्या तिघांना 0.2 प्रत्येकी: बेरीज बरोबर 1.6. म्हणजे सहावी जखम उघडली तर तिला थांबावं लागेल. आधी निवडलेल्या जखमा भरेपर्यंत त्यांनाच लावायचं, भरलेली पुन्हा उघडली तर तिला आधी घ्यायचं, मगच नवी. घरच्यांना रोज सगळ्यात दुखरी वाटते तिला थोडं-थोडं लावायचा मोह होतो, आणि तसं केलं की कुठलीच जखम भरत नाही.

बाटलीत 1 मिली औषध असतं, 500 कोटी पीएफयू, म्हणजे पेशीत शिरू शकणारे विषाणूकण. ते 1.5 मिलीच्या जेलमध्ये मिसळून 2.5 मिली होतं. साठवण उणे 15 ते उणे 25 अंशांना. फ्रीझर नसेल तर 2 ते 8 अंशांच्या फ्रीजमध्ये महिनाभर. एकदा वितळलेली बाटली पुन्हा गोठवायची नाही. ही सगळी मिसळणी फार्मासिस्टने रुग्णालयात करायची. गावात दुपारी भारनियमन असतं आणि घरच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा दिवसातून अनेकदा उघडतो, तेव्हा बाटली घरी ठेवायचा प्रश्नच नाही. मिसळल्यावर सिरिंजमध्ये भरलेलं जेल 2 ते 8 अंशांना 48 तास टिकतं आणि खोलीच्या तापमानाला आठ तास. तासगाव ते सांगली-मिरज तासाभराचा रस्ता, लस न्यायच्या डब्यात सहज जमतं.

लावताना जखम हलकी धुऊन, आधीची मलमं पुसून, जेलचे थेंब साधारण एकेक सेंटिमीटरच्या अंतराने ठेवायचे, चोळायचं नाही. त्यावर पाणी न शोषणारी पट्टी, जखमेपेक्षा थोडी मोठी कापलेली. इथे साडीची पट्टी किंवा साधा गॉज थेट ठेवला तर औषध कापडात जातं. साधारण 24 तास पट्टी उघडायची नाही. पहिल्या पट्टीबदलाचं साहित्य 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक करून बंद पिशवीत, आणि ती पिशवी रुग्णालयाच्या पिवळ्या डब्यात जायला हवी, घंटागाडीत नाही. हातमोजे घालायचे आणि डोळ्यांना हात लावायचा नाही.

आणि एक गोष्ट या घरात कळीची. गरोदर बाईने हे जेल बनवायचं नाही, लावायचं नाही आणि औषध लावलेल्या जखमेला हात लावायचा नाही. रोजची पट्टी करणारी आईच गरोदर. म्हणून आजीला आणि वडिलांना पट्टी शिकवणं हा थेरपीच्या तयारीचा भाग झाला. सप्टेंबर 2025 च्या सुधारित अमेरिकी लेबलने घरच्या माणसालाही लावायला मुभा दिली आहे आणि वयाची अट जन्मापर्यंत खाली आणली आहे.

पैसा

इथे गोड बोलून उपयोग नाही. अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा एका बाटलीची छापील किंमत 24,250 डॉलर होती. डॉलर 85 रुपये धरला तर एक बाटली सुमारे साडेवीस लाखांची. कंपनीने वर्षाचा सरासरी खर्च 6.31 लाख डॉलर सांगितला होता, म्हणजे साधारण 26 बाटल्या, रुपयांत पाच कोटींच्या वर. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात ठरलेल्या केंद्रांमार्फत एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळते, महाराष्ट्रात मुंबईचं केईएम त्यापैकी एक. 50 लाखांत दोन बाटल्या येतात आणि थोडे उरतात. म्हणजे दोन आठवडे.

म्हणून रान विकू नका, हे वडिलांना स्पष्ट सांगितलं. दोन एकर द्राक्षबाग विकून काही आठवड्यांचं औषध येईल, आणि मग ना औषध ना पट्टीचे पैसे. हा सल्ला देताना जीभ जड होते, पण तो न देणं हा अन्याय आहे.

फाईल मात्र पुढे सरकवली. धोरणाच्या यादीत निदान बसतं का, हे केंद्राच्या समितीकडून लेखी मागायचं. एका रुग्णासाठी औषध बाहेरून आणायचं तर नमुना 12-ए मध्ये अर्ज आणि 12-बी मध्ये परवाना. यादीतल्या दुर्मीळ आजारांची औषधं स्वतःसाठी आणताना 1 एप्रिल 2023 पासून सीमाशुल्क माफ आहे, त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला चालतो. कंपन्यांच्या मदत योजना किंवा पुढच्या चाचण्या निघाल्या तरी पहिल्या पानावर मागतात ते हेच: दोन्ही पालकांसह जनुकाचा रिपोर्ट, मॅपिंग, तारखेसह मोजपट्टी ठेवून काढलेले जखमांचे फोटो.

दुसरा मार्ग, व्हिडिओतल्यासारखा, याच जीनसाठीही आता आहे. झेवास्किन, एफडीएची मान्यता एप्रिल 2025. रुग्णाच्याच कातडीच्या पेशींत सीओएल7ए1 घालून 41.25 चौरस सेंटिमीटरची पानं वाढवतात, बारापर्यंत, आणि जुनाट जखमांवर टाक्यांनी बसवतात. हा जीन पेशीच्या गुणसूत्रात कायमचा मिसळतो, त्यामुळे एकदाच बसवायचं. किंमत 31 लाख डॉलर, आणि पूर्ण भूल. तोंड कमी उघडणाऱ्या, घशात व्रण असलेल्या मुलीला भूल देणं हे स्वतःच जोखमीचं. 10.8 किलोवर हा विषय बाजूला ठेवला.

पोटातलं बाळ आणि घरातलं ठरलेलं लग्न

दोघेही वाहक, म्हणजे बिघडलेली एकच प्रत बाळगणारे आणि स्वतः ठणठणीत, म्हणून दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. आई-वडिलांचा बदल पक्का होईपर्यंत तेरावा आठवडा संपत आला होता, तेव्हा वारेचा तुकडा घेण्याऐवजी सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासणी केली. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान बंदीच्या, कायद्याखालचा संमतीचा नमुना जी भरून, नोंदणीकृत केंद्रात. नमुन्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत याची वेगळी खात्री करून घ्यावी लागते, नाहीतर आईचीच जनुकं बाळाची म्हणून वाचली जातात. उत्तर एकोणिसाव्या आठवड्यात आलं: बदल एकाच प्रतीत. बाळ वाहक आहे, आजारी नाही.

मुलीच्या वडिलांच्या धाकट्या भावाचं लग्न त्याच मामाच्या धाकट्या मुलीशी ठरलं होतं. याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, वंशावळ काढताना आजीच्या बोलण्यातून निघालं. भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी, नियोजित वधूची निम्मी, दोघेही असतील तर मूल आजारी होण्याची चारात एक: एकूण सोळात एक. पण हा आकडा अंदाजाचा आहे. बदलाची जागा माहीत असल्याने दोघांच्या रक्ताची फक्त त्या एका जागेची तपासणी पुरते आणि उत्तर एकतर शून्य किंवा चारात एक येतं. आजीला हे सांगताना "नात्यात लग्न करू नका" असं भाषण टाळलं. तिने स्वतःच्या भावाची लेक सून करून आणली, त्यात तिचा काही दोष नाही, आणि तिला तसं वाटू देणं क्रूरपणाचं होईल. दोघांची तपासणी झाली. भाऊ वाहक निघाला, नियोजित वधू नाही. लग्न ठरल्याप्रमाणे होईल.

सहा महिन्यांनंतर

वजन 12.1 किलो, हिमोग्लोबिन 9.6. मान भरली. पाठ 54 वरून 31, डावा गुडघा 22 वरून 16, उजवा आणि पाऊल 20 च्या आतच. जेलच्या हिशेबात आता पाठीला 0.4 आणि बाकी तीन जखमांना 0.2 प्रत्येकी, एकूण 1.0 मिली. आठवड्याला बाटली एकच लागेल, पण मर्यादेतले 0.6 मिली नव्या जखमांसाठी मोकळे राहतील. करंगळीची बेचकी आणखी चिकटलेली नाही, सुटलेलीही नाही. हाताच्या शस्त्रक्रियेचा निर्णय पाचव्या वाढदिवसानंतर. घास अजून अडकतो, बेरियम गिळवून फोटो काढायचा आहे.

डिस्ट्रॉफिक ईबीत विशीच्या आसपास न भरणाऱ्या जखमांत त्वचेचा कॅन्सर सुरू होऊ शकतो, आणि कॅन्सर असलेल्या किंवा होऊन गेलेल्या जखमेवर हे जेल लावत नाहीत. त्यामुळे फोटोंची वही आत्तापासून जपायची, तीन महिन्यांहून जुनी आणि कड जाड झालेली जखम दिसली की तुकडा तपासायचा, हे फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे. आईची तारीख दोन आठवड्यांवर आहे. प्रसूतीनंतर सहा आठवडे मुलीची पट्टी आजी आणि वडील करतील. दुर्मीळ आजार केंद्राकडे पाठवलेल्या अर्जाची पोच आली आहे, समितीचं उत्तर यायचं आहे.